येड्यांची गाडी

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या आवारात, कडुनिंबाखाली एक पांढरी जीप उभी आहे. तिचे टायर जमिनीत रुतले आहेत, काचेवर पाखरांची घाण वाळली आहे आणि बॉनेटखाली मुंग्यांनी वारूळ धरलं आहे. मित्रांनो, ती जीप मी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या किती तरी जणी एका रांगेत उभ्या होत्या आणि कोण कुठे जाणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या वाट्याला भंडारा जिल्हा आला. धानाची शेतं, जिकडे पाहावं तिकडे तलाव, आणि पावसात मधूनच गायब होणारे रस्ते. पहिली काही वर्षं मी लसींचे डबे वाहिले. श्यामराव नावाचे ड्रायव्हर मला रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसत आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालत. गावात शिरले की पोरं माझ्यामागे धावायची. मला वाटायचं, गाडीच्या जन्माला येऊन याहून जास्त काय मिळतं?

मग माझं खातं बदललं. एका रंगाऱ्याने माझ्या दारावर नवी अक्षरं काढली : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. अक्षरं वाळायच्या आतच लोकांनी मला माझं दुसरं नाव दिलं होतं. येड्यांची गाडी.

नावाने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या नावाने माझ्यामागे धावणारी पोरं थांबली. मी दिसले की बायका मुलांना घरात ओढून घेत. वरठीच्या चौकात चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय श्यामराव, आज कोनाले पकडून आनलं?" श्यामराव हसण्यावारी न्यायचे, पण संध्याकाळी मला स्वतःच्या घरापासून दोन गल्ल्या दूर लावायचे. मला त्यांचा राग आला नाही. त्यांची मुलगी लग्नाची होती.

माझ्यातून फिरायच्या त्या भावनाताई. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, शिकून मानसिक आरोग्याच्या सामाजिक कार्यकर्त्या झालेल्या. अंगाने लहानखुऱ्या, पण चालायला लागल्या की श्यामरावांना धाप लागायची. गावात मी उभी असले की तपासणीला कुणी फिरकत नसे. म्हणून ताई मला शाळेच्या मागे उभी करायला लावत आणि स्वतः पायी घराघरांत जात. "गाडीवर रागावू नका," असं त्या श्यामरावांना सांगायच्या. "लोक आजाराले भितात. गाडी फक्त समोर दिसते." आठवड्यातून एकदा डॉ. अनुप सोबत असत. ते मनोविकारतज्ज्ञ. बोलायचे कमी आणि ऐकायचे फार.

असंच एका आठवडी बाजाराच्या कडेला मी उभी होते. टोपलीत मासे घेऊन बसलेली एक बाई उठली आणि सरळ माझ्याकडे आली. पन्नाशी ओलांडलेली, काटक, हाताला माशांचे खवले चिकटलेले. तिने आजूबाजूला पाहिलंही नाही.

"ही येड्यांची गाडी होय न जी?" तिने श्यामरावांना विचारलं.

श्यामराव गडबडले. "हाव... म्हणजे सरकारी आहे, बाई."

"माया घरी याल का?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत लोकांनी मला पाहून तोंड फिरवलं होतं. मला कुणी घरी बोलावलं, ते पहिल्यांदाच. त्या बाईचं नाव रेवताबाई. ती टोपलीसकट माझ्या मागच्या बाकावर बसली आणि पुढे कित्येक दिवस मला माशांचा वास येत राहिला.

तिचं घर ढिवरटोल्यात, ढिवरांच्या वस्तीत होतं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, पंधरा-वीस घरं, सगळी मासेमारीवर जगणारी. घरामागच्या सांदवाडीत गुरांचा मोकळा कोठा होता. आता तिथे गुरं नव्हती. खांबाला एक तरुण माणूस साखळीने बांधलेला होता. दाढी वाढलेली, घोट्याची कातडी सोललेली. तो रेवताबाईचा एकुलता एक मुलगा, धनराज.

त्याने मला पाहिलं आणि जो आवाज काढला, तसा आवाज मी माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. तो साखळीला हिसके देऊ लागला. त्याला बरं करायला नातेवाइकांनी एकदा कुठल्या बाबाकडे नेलं होतं. तिथे मिरच्यांची धुरी दिली, वेताने मारलं. त्याला नेणारी गाडीही पांढरीच होती, हे रेवताबाईने मागून सांगितलं.

"श्यामराव, गाडी मागे घ्या," भावनाताई म्हणाल्या. "पार पाळीपर्यंत. इंजन बंद."

मी मागे सरकले. तिथून कुंपणाच्या काट्यांवरून मला सगळं दिसत होतं. वाऱ्यावर आवाजही येत होता.

भावनाताई रेवताबाईवर रागावल्या नाहीत. मी वाट पाहत होते, पण नाहीच रागावल्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून त्यांनी विचारलं, "मावशी, केव्हापासून?"

मग रेवताबाई बोलू लागली. पोरगा टोल्यातला सर्वांत चांगला जाळं फेकणारा. बाप गेल्यावर घर त्याच्यावर. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. पाण्यातून कुणी तरी बोलावतं, म्हणायचा. झोप गेली. वरठीला रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसला. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. रुळांवर काम करणाऱ्या माणसांनी ओढून आणलं.

"मी बाजारात गेली नाही त चूल पेटत नाही," ती म्हणाली. "अन् गेली त पोट्टा रुळावर जाते. मंग काय करू? सांग न तू. शिकलेली आहेस."

"मावशी, नवीन कायदा झाला आहे. कोणत्याच आजारी माणसाले साखळीनं बांधता येत नाही. पन मी तुमाले कायद्याचा धाक दाखवाले नाही आली. त्याच्यात दुसरंही लिहिलं आहे. याचा इलाज करनं सरकारचं काम आहे, अन् तुमच्या घराजवळ करनं. मी त्याच्यासाठी आली."

"अन् साखळी काढली, अन् तो गेला त?"

"आज गेला तर मी त्याच्या संग जाईन."

रेवताबाईने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं.

धनराज उभा राहिला, डगमगला, आणि चालायला लागला. सांदवाडीतून पाळीवर, पाळीवरून तलावाच्या काठाने. भावनाताई त्याच्या मागे, हाताभर नव्हे, चांगलं अंतर ठेवून. त्यांच्या मागे रेवताबाई. आणि मग, मित्रांनो, माझ्यातून उतरून श्यामरावही चालायला लागले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

तो तलाव केवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पलीकडच्या काठावर ती चार माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. धनराज थांबला की सगळे थांबत. तो पाण्याकडे वळला की भावनाताई काठाशी जात आणि त्याच्याशी काही तरी बोलत. काय बोलत होत्या ते इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. मग तो पुन्हा चालू लागे. ऊन चढलं, ऊन कललं. कुणी त्याला धरलं नाही, ओढलं नाही, हाक मारली नाही. मी लोखंडाची आहे. ओढणं, ढकलणं, वाहून नेणं एवढंच मला माहीत होतं. नुसतं सोबत चालूनही माणसाला परत आणता येतं, हे मी पाहत होते आणि माझा माझ्या काचांवर विश्वास बसत नव्हता.

पूर्ण तलावाला फेरा घालून तो माझ्यासमोर आला. थकला होता. त्याने तळहात माझ्या तापलेल्या बॉनेटवर ठेवला.

"ही कोठं जाते?" त्याने विचारलं.

"भंडाऱ्याले. दवाखान्यात," भावनाताई म्हणाल्या. त्यांचे ओठ उन्हाने सुकले होते.

"बाबाकडं नाही?"

"नाही."

"माय येते?"

"येते न. संगच बसते."

तो स्वतः दार उघडून आत बसला. श्यामरावांनी गाडी इतकी हळू चालवली की बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं असतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला पहिल्यांदा आपल्या घरासमोर लावलं.

औषधाने जादू झाली, असं मी सांगणार नाही. आधी धनराजला नुसती झोपच यायची. मग हात थरथरायला लागले. रेवताबाई चिडून म्हणाली, "आधी चालत त होता, आता गोळा होऊन पडला." डॉ. अनुप ढिवरटोल्यात आले, धनराजजवळ बसले, औषध बदललं, मात्रा कमी केली, आठवड्याने पुन्हा आले. शेजारच्या बायकांशी भावनाताईंनी बोलणं केलं. रेवताबाई बाजारात गेली की कुणी ना कुणी त्याच्यापाशी बसायचं, धान निवडायचं, गप्पा मारायचं. आवाज हळूहळू दूर गेले. पूर्ण गेले नाहीत, पण धनराज सांगायचा, "आता ते बोलतेत, पर मी नाही आयकत."

आणि मग एका सकाळी मी पाळीवर उभी असताना तो डोंग्यात बसून पाण्यात गेला. सगळा टोला काठावर आला. धनराज उभा राहिला, कंबरेतून वळला आणि त्याने जाळं फेकलं. जाळं हवेत उघडलं, पूर्ण गोल, आणि पाण्यावर पसरलं. मी आयुष्यात पुष्कळ चांगल्या गोष्टी पाहिल्या, पण हिच्या तोडीची एकही नाही. रेवताबाई पदर तोंडात धरून खाली बसली.

पाणी तलावातून तलावात जावं तशी ही गोष्ट गावोगाव गेली. ढिवरटोल्याच्या समाजमंदिरात दर महिन्याला तपासणी सुरू झाली. झोप न येणारे, दारू सुटत नसलेले, बाळंतपणानंतर रडू थांबत नसलेल्या आया, फिट येणारी मुलं, सगळे येऊ लागले. "येड्यांची गाडी आली का?" असं लोक आता एसटी आली का विचारावं तसं विचारायचे. नाव तेच राहिलं, त्यातला काटा कधी गळून पडला ते मलाही कळलं नाही. श्यामरावांनी माझ्या मागच्या काचेवर सरकारी फोनसेवेचा नंबर चिकटवला, १४४१६, मन जड झालं तर केव्हाही फुकट बोलायला. पोरं पुन्हा माझ्यामागे धावू लागली आणि तो नंबर मोठ्याने ओरडू लागली.

पण गाडीचं वय होतं. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्या रस्त्यावर चालवायच्या नाहीत, असा नियम आला. नियम वाईट नव्हता. माझा धूर मलाच सोसत नव्हता. श्यामरावांनी मला कडुनिंबाखाली आणून उभं केलं, चावी काढली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. काही महिन्यांनी तेही निवृत्त झाले.

वाईट गोष्ट पुढे झाली. माझ्या जागी दुसरी गाडी आलीच नाही. गाडी नाही म्हणून ढिवरटोल्याची तपासणी बंद पडली. तिथून जवळच्या दवाखान्यात ही औषधं नसायची. लोकांनी भंडाऱ्याला यावं, असं ठरलं. एसटी बदलून यायचं, मजुरी बुडवायची, आणि रांगेत नंबर लागेपर्यंत परतीची गाडी गेलेली. बरेच जण येईनासे झाले.

एका दुपारी रेवताबाई आवारात आली. रांगेतून बाहेर पडून ती कुठल्याशा आडोशाला पाणी प्यायला आली असावी. तिने मला ओळखलं. माझ्या दारावर थाप मारून ती म्हणाली, "तू अठी काहून उभी आहेस? आं? तिकडं पोट्ट्याची झोप गेली. पाळीवर चक्कर मारून राहिला पुन्हा. शेजारी म्हनतेत, बांध त्याले. अन् तू सावलीत उभी!"

मला उत्तर देता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तिच्या मागून भावनाताई आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"मावशी, गाडीले बोलून काय होनार? बोलायचं असेल तर साहेबांशी बोला."

"साहेब माया आयकतीन का?"

"एकटीचं नाही ऐकणार कदाचित. आणि भीक मागायला जायचं नाही. हे कायद्यात आहे. घराजवळ औषध मिळणं हा धनराजचा हक्क आहे. मी नोकरीतली आहे, मी वर लिहून लिहून थकली. तुम्ही सगळे आलात तर गोष्ट वेगळी."

रेवताबाई शाळेत गेलेली नव्हती. पण तिला घराघरांत शिरून बोलता येत होतं. मासे विकणाऱ्या बाईला तेच तर करावं लागतं. तिने गावोगाव माशांसोबत ही गोष्टही नेली. आणि एका सकाळी दवाखान्याच्या त्याच आवारात माणसं जमू लागली. ढिवरटोल्यातले, वरठीचे, दूरच्या खेड्यांतले. जयभीमवाले होते, ढिवर होते, कुणबी होते. आजारी होते आणि त्यांना सांभाळणारे होते. ज्यांनी हे दुखणं वर्षानुवर्षं घरात लपवलं, ती माणसं भर उजेडात, उघड्या तोंडाने येऊन बसली होती. मी पाहतच राहिले. याच माणसांनी मला पाहून कधी दारं लावली होती!

इतके लोक कचेरीत मावणार नव्हते. म्हणून जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे साहेबच बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "नवीन गाडीचा प्रस्ताव पाठवला आहे," ते म्हणाले. "मंजूर होईपर्यंत थोडा त्रास सोसून इथेच या. जिल्ह्यात एवढी कामं आहेत. शेवटी हे काही तातडीचं दुखणं नाही."

रेवताबाई उठायला लागली. तेवढ्यात तिच्या खांद्यावर हात ठेवून धनराज उभा राहिला. त्याचे डोळे झोपेअभावी लाल होते. तो बोलायला उभा राहिलेला पाहून लोक पुढे सरकले.

"साहेब, मी बोलतो," तो म्हणाला. "माया मायनं मले साखळीनं बांधलं होतं. कोठ्यात. जनावरासारखं. तिले कोनी नावं ठेवू नका. तिच्यापाशी मले वाचवाले दुसरं काहीच नव्हतं."

त्याने वाकून घोट्यावरचा साखळीचा व्रण दाखवला.

"मंग दवा आली. साखळी सुटली. आता तुमी दवा बंद केली, साहेब. आता तिच्यापाशी पुन्हा तेवढंच राहिलं. तुमी म्हनता तातडी नाही. आज घरी गेल्यावर मायनं काय करावं, ते तुमीच तिले सांगा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ते कडुनिंबाच्या पारावर, लोकांमध्ये खाली बसले आणि म्हणाले, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

धनराजने पहिल्यापासून सांगितलं. मग एकेक जण सांगू लागला. डॉ. अनुप आणि भावनाताई मागे उभे होते. त्या दिवशी त्यांना बोलायची गरजच पडली नाही.

त्याच दिवशी धनराजला औषध देऊन डॉ. अनुपनी घरी पोचवलं. बाकीचं लगेच झालं नाही. दिलेला शब्द एकदा लांबला, तेव्हा रेवताबाई सगळ्यांना घेऊन पुन्हा येऊन बसली. शेवटी ढिवरटोल्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही औषधं ठेवायला सुरुवात झाली. तिथल्या डॉक्टरांनी डॉ. अनुपकडून या आजारांचं शिक्षण घेतलं. महिन्यातून एकदा भाड्याची गाडी करून पथक जातं. मी ती गाडी फाटकातून निघताना पाहते. तिच्या दारावर कसलंच नाव नाही. धनराज आता पथकासोबत नव्या घरांत जातो. ज्या घरातून आजारी माणूस बाहेर यायला तयार नसतो, त्या घरात तो आत जाऊन बसतो.

आणि रेवताबाई? ती तपासणीच्या दिवशी कधी कधी भंडाऱ्याला येते. तिला कुणी पगार देत नाही. ती नव्या माणसांपाशी बसते.

परवाच एक बाप आला. कमलेश त्याचं नाव, चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करणारा. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी, नीतू. कितीतरी दिवसांपासून ती बोलत नव्हती, जेवत नव्हती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून बापाने तिचं तोंड ओढणीने पार झाकून आणलं होतं. बाकडी भरलेली पाहून दोघं माझ्या पायरीवर टेकले. रेवताबाई त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"मावशी, ठीक होईन का माही पोरगी?" कमलेशने विचारलं.

मला वाटलं, ती हो म्हणेल. ती म्हणाली, "मले नाही मालूम, भाऊ. डॉक्टर पाहतीन अन् सांगतीन. टाइम लागते. पर हे पदराखाली झाकून वाढते, एवढं मले मालूम आहे." मग तिने नीतूच्या तोंडावरची ओढणी हलकेच बाजूला केली. "इथं कोनाले लाजाचं काम नाही, बेटा. आमी सगळे तेच आहो."

नीतूने डोळे किलकिले केले. कडुनिंबाकडे पाहिलं, मग रेवताबाईकडे. बराच वेळ गेला. रेवताबाई उठली नाही, बोलली नाही, बसून राहिली.

"पाणी," नीतू म्हणाली.

कमलेश असा उठला की त्याच्या दोन्ही चपला माझ्या पायरीखालीच राहिल्या.

मित्रांनो, लवकरच माझा लिलाव होईल आणि भंगारवाले मला तोडायला येतील. माझी हळहळ करू नका. पण तुमच्या वर्गात, गल्लीत, घरात कुणी अचानक गप्प झालं, कुणाला न दिसणारं दिसू लागलं, कुणाची झोप उडाली, तर त्याला हसू नका, नाव ठेवू नका. मोठ्यांना सांगा, दवाखान्यात न्यायला सांगा, आणि तोवर त्याच्या शेजारी बसा. मला आता पुन्हा रस्त्यावर जायचं नाही. अनवाणी पायांनी, हातात पाण्याची बाटली घेऊन धावत येणारा बाप मी पाहिला आहे. त्यानंतर माझं लोखंड खुशाल वितळू दे.